आमची वाटचाल : लाल चोपडीपासून चिंध्यांच्या पुस्तकापर्यंत

सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात आमचं दुकान आहे. पाटीवर अजून ‘सर्व प्रकारचे बाइंडिंग करून मिळेल’ असंच लिहिलंय, कारण ती पाटी मामंजींनी रंगवून घेतली होती आणि पेंटरचं अक्षर सुरेख होतं. आत मात्र बरीच वर्षं एकच काम चालतं. बायका हातानं केलेले क्रेझी क्विल्टचे ब्लॉक, म्हणजे चिंध्या जोडून वर भरतकाम केलेले चौकोन, आणून देतात. आम्ही ते काटकोनात छाटून, मध्ये बकरम म्हणजे ताठ कापड घालून, पाठीला पाठ जोडून, कडा बांधून त्यांचं कापडी पुस्तक करतो. बोळात याला चिंध्यांचं पुस्तक म्हणतात. म्हणू देत. त्यावर दोन मुली कॉलेजला गेल्या.

मामंजींचा धंदा चोपड्यांचा. गणपती पेठेतले व्यापारी आणि मार्केट यार्डातले हळदीचे अडते हे त्यांचं गिऱ्हाईक. रोजकीर्द, खतावणी, लाल खारव्याचं कव्हर, आणि लक्ष्मीपूजनाच्या आधी महिनाभर घरात जेवायला कुणाला उसंत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा खळीचा वास घरभर असायचा. पुढे कॉम्प्युटर आले, चोपड्या पूजेपुरत्या उरल्या. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा तर पेठेतल्या जुन्या शेठजींनीही ‘एकच द्या, हळदीकुंकू वाहायला’ म्हणायला सुरुवात केली. पण तोवर आमच्याकडे बाई आल्या होत्या.

बाई मिरजेच्या. शाळेत मराठी शिकवायच्या. रिटायर झाल्यावर मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहिल्या आणि तिथल्या बायकांकडून हे काम शिकून आल्या. आपल्या वाकळीत धावदोरा सगळ्या थरांतून जातो, तोच तिला धरून ठेवतो. क्रेझीत तसं नाही. रेशीम, मखमल, लेस, जे हाताला येईल ते वेडंवाकडं कापून खालच्या मांजरपाटावर बसवायचं आणि प्रत्येक सांध्यावर भरतकाम करायचं. फेदर टाका, मच्छी टाका, गाठीचा टाका, वर मणी, बटणं, टिकल्या. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जपानी वस्तू बघून तिकडच्या बायकांना या वाकड्यातिकड्याचं वेड लागलं असं म्हणतात, आणि १८८०च्या दशकात घरोघर ते पसरलं. बाई हे सगळं वर्गात शिकवल्यासारखं सांगायच्या, मध्येच ‘लक्ष आहे का?’ असंही विचारायच्या.

त्यांच्या गटात सहा जणी होत्या. ब्लॉक पोस्टानं फिरायचा. एकीनं तुकडे जोडायचे, दुसरीनं एका सांध्यावर टाका घालायचा, तिसरीनं कोळ्याचं जाळं भरायचं, आणि फिरून फिरून तो मालकिणीकडे परत. मला आपला हादगा आठवला. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. असे १२ ब्लॉक घेऊन बाई एका दुपारी दुकानात आल्या.

‘रजई नको गं. मिरजेच्या उन्हात रजई घेऊन काय करू? मला पुस्तक कर. पान उलटून बघता आलं पाहिजे.’

मी हो म्हणाले. शिवणाच्या क्लासमधली माझी मैत्रीण तेव्हा दुकानात भागीदार होती. तिची मशीन, माझी जागा, नफा निम्मा. कागद केला नाही. (मैत्रिणीबरोबर धंदा करणार असाल तर आधी कागद करा. स्टॅम्पचा खर्च परवडतो, पुढचं परवडत नाही.)

पहिलं पुस्तक आम्ही वहीसारखंच शिवलं आणि ते साफ फसलं. सहा इंचांचं पान, त्यावर मण्यांचे घोस, दोन ब्लॉक पाठीला पाठ. एकेक पान पाऊण इंच जाड झालेलं, आणि शिलाईच्या कडेला मात्र नुसती दोन कापडं. सहा पानं एकत्र बांधल्यावर पुस्तक मिटेना. टेबलावर ठेवलं की पुढून उघडायचं. मैत्रीण म्हणाली, वर रिबीन बांधू. मी म्हटलं, रिबीन सोडली की?

मामंजी तेव्हा काम करत नव्हते, पण दारातल्या स्टुलावर बसून असायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘सूनबाई, पोटानं जाड आणि पाठीनं बारीक असलेलं पुस्तक जांभईच देणार. लग्नाचा अल्बम बघितला न्हाईस काय?’

कपाटातून आमच्याच लग्नाचा अल्बम काढला त्यांनी. काळी पानं, कोपरे लावून बसवलेले फोटो, आणि प्रत्येक दोन पानांच्या मध्ये पाठीकडे पुठ्ठ्याची एक बारीक पट्टी. फोटोमुळे पोटात जेवढी जाडी वाढते तेवढीच भर पाठीत. तो अल्बम त्यांनीच बांधला होता. इतकी वर्षं मी उघडत होते आणि पट्टी कधी दिसली नव्हती. आमचं सगळं काम त्या पट्टीवर उभं आहे.

कापडात पुठ्ठा चालत नाही, धुवायला गेलं की लगदा होतो. म्हणून आम्ही कॅनव्हासची घडी करतो. पान टेबलावर ठेवायचं, मण्यांवर अलगद काचेचा तुकडा ठेवायचा, आणि काच टेबलापासून किती वर राहिली ते फूटपट्टीनं मोजायचं. तेवढ्या उंचीच्या घड्या, पाऊण इंच रुंद. प्रत्येक पानाची पट्टी वेगळी, कारण एका बाईनं शिंपले लावलेले असतात आणि दुसरीनं नुसते टाके. मग मामंजींचं दाभण. बाभळीची मूठ आहे, अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय. तो खळगा त्यांच्या अंगठ्याचा, माझा त्यात नीट बसत नाही, तरी दुसरं दाभण हातात धरवत नाही. पाच भोकं, मेण लावलेला दुहेरी दोरा, मधल्या भोकापासून सुरुवात करून मधल्याच भोकात गाठ. गोंदाचा थेंब नाही. मामंजींचा नियम: बांधलेलं पुन्हा सोडता आलं पाहिजे.

काम घेऊन येणाऱ्यांना चार गोष्टी इथेच सांगून ठेवते, म्हणजे काउंटरवर वाद नको. ब्लॉकच्या चारी बाजूंना अर्धा इंच मोकळा सोडा, त्यात मणी घालू नका. मशीनला चेन शिवायचा एकेरी पाय लावला तरी सुई मण्यावर आपटते आणि तुटका तुकडा डोळ्याकडे येतो. भरतकामानं कापड आकसतं, त्यामुळे सहाचा ब्लॉक हवा असेल तर मांजरपाट आठचा घ्या. इस्त्री कराल तर जाड टॉवेलवर ब्लॉक पालथा टाकून, आणि मखमल असेल तर करूच नका. आजीच्या शालूचा तुकडा लावायची हौस सगळ्यांना असते, पण घडीवर विरलेलं रेशीम टाका धरत नाही. आधी मागून पातळ अस्तर द्या. खरी जर चांदीची असते, ती काळी पडणारच, त्याला मी काही करू शकत नाही. कडेची पट्टी उरेबीच, म्हणजे तिरकी कापलेलीच, हवी असा काहींचा हट्ट असतो. सरळ कडेला सरळ पट्टी चालते. उरेब गोल कोपऱ्यांसाठी.

बाईंनी ते पहिलं पुस्तक सगळीकडे दाखवलं. पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून ब्लॉक यायला लागले. पुढची चार-पाच वर्षं बरी गेली.

मग ऑगस्ट २०१९.

सांगलीकराला पुराचं काय सांगायचं? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट म्हणजे धोका, हे इथलं पोरगंही सांगतं. आमच्या भिंतीवर २००५च्या पुराची खूण होती. मी शहाणपणानं तिच्या दीड हात वर फळी मारून घेतली होती आणि गिऱ्हाइकांचं काम पत्र्याच्या ट्रंकेत घालून त्या फळीवर ठेवलं होतं. पाणी वाढायला लागलं तेव्हा हे म्हणाले, ट्रंक बरोबर घेऊ. मी म्हटलं, २००५ला तिथवर आलं नव्हतं. मशीनची डोकी तेवढी काढून घेतली आणि मिरजेला मावसभावाकडे गेलो. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५पेक्षा तीन-चार फूट जास्त. माझी फळी दीड हाताची.

आठव्या दिवशी शटर उघडलं. कागद, पुठ्ठे, मामंजींच्या चोपड्यांचे नमुने, सगळ्याचा एकच गोळा. वास असा की तोंडाला पदर लावूनही आत उभं राहवेना. ट्रंक फळीसकट खाली आली होती, पण झाकण बंद होतं आणि आत काठोकाठ पाणी. चौघींचे मिळून ३१ ब्लॉक. त्यांतले १२ बाईंच्या दुसऱ्या पुस्तकाचे. त्यांतल्या एका ब्लॉकवर जिनं टाके घातले होते ती बाई त्याआधीच्या वर्षी वारली होती.

मी ते उन्हात वाळत घालणार होते. मिरजेहून बाईंचा फोन आला. काय झालं म्हणून नाही, थेट हुकूम: ‘वाळवू नकोस. सुटलेला रंग वाळला की पक्का बसतो. ओलंच ठेव. लगेच धुणं होणार नसेल तर गोठव.’ मुलीकडून विचारून घेतलं होतं त्यांनी. गोठवलं की बुरशी थांबते.

सांगलीत प्यायला पाणी नव्हतं, धुवायला कुठलं? मावसभावाचं मिरजेत आइस्क्रीमचं दुकान. एकेक ब्लॉक प्लॅस्टिकच्या पिशवीत सपाट घातला आणि सगळे ब्लॉक त्याच्या डीप फ्रीजरमध्ये, पिस्ता आणि मँगोच्या डब्यांच्या मध्ये. मग रोज चार-चार काढायचे, बोअरच्या गार पाण्यात परातीत सोडायचे, गाळ निघाला की पाणी बदलायचं, पुन्हा बदलायचं. चोळायचं नाही. पिळायचं नाही. टॉवेलवर पालथं. मणी पडले ते वाटीत गोळा करायचे आणि वाटीवर ब्लॉकचा नंबर. मामंजी परातीशी बसायचे. गाळ गेल्यावर फेदर टाका पुन्हा दिसायला लागला की ‘आला, आला’ म्हणायचे, नदीवरून कोणी येत असल्यासारखे.

या दिवसांत माझी भागीदार कुठे होती? विश्रामबागला तिच्या घरी, तिथं पाणी आलंच नव्हतं. गिऱ्हाइकांची वही तिच्याकडे होती. त्या वहीतून ती एकेकीला फोन करत होती: ‘दुकान गेलं हो, सगळं वाहून गेलं. राहिलेलं काम माझ्याकडे पाठवा.’ हे मला कळलं कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकाकडून, जिनं रडत माझं सांत्वन करायला फोन केला होता आणि माझ्या हातात तेव्हा तिचाच ब्लॉक होता, ओला. नाव लिहीत नाही. हरभट रोडवर कुणालाही विचारा. दिवाळीच्या आत तिनं स्वतःचं दुकान थाटलं. पाठीची पट्टी तिकडे ‘आमची खास पद्धत’ म्हणून सांगितली जाते, प्रदर्शनात सांगितली तेव्हा मी स्वतः दोन टेबलं सोडून उभी होते. पट्टीसुद्धा दोऱ्यानं शिवत नाहीत. ग्लू गननं चिकटवतात. दोन तासांत पुस्तक तयार, आणि माझ्यापेक्षा निम्म्या दरात.

मी भांडायला गेले नाही. हे म्हणतात तिथंच चुकलं. असेल.

३१ पैकी २६ ब्लॉक जसेच्या तसे निघाले. तीन आम्ही सांधले. बाईंचे दोन गेले. एकातलं जुनं रेशीम परातीतच सुटून आलं, दुसऱ्यात लाल खणाचा रंग सगळीकडे धावला होता. मी पैसे परत करायला मिरजेला गेले. बाईंनी चहा केला नाही. मी बसलेय आणि त्या ब्लॉक मोजतायत, पुन्हा मोजतायत. मग म्हणाल्या, ‘लाल झालेला तसाच घाल. गेलेल्याच्या जागी कोरं मांजरपाट घाल. पुस्तकातलं पान फाटलं म्हणून पुढच्या पानाचा नंबर बदलत नाही.’ त्यानंतर आठ दिवस त्यांचा फोन नाही. नवव्या दिवशी आला: ‘माझं काम कुठवर आलं?’

त्या पुस्तकाचं सातवं पान अजून कोरं आहे. बाकी अकरांचं बिल त्यांनी पूर्ण दिलं, कोऱ्या पानाचं शिलाईसकट.

जुलै २०२१ला पुन्हा पाणी आलं. तोवर गिऱ्हाइकांचं सामान पहिल्या मजल्यावर गेलं होतं. मी फळ्या मारणं सोडलं आहे. मामंजी त्याच्या आधी गेले. त्यानंतरचं सांगण्यासारखं फारसं नाही, काम आहे. आता ब्लॉक घेताना दोन्ही बाजूंचे फोटो काढते, वजन लिहिते, निम्मे पैसे आधी घेते. वही माझ्याकडे असते.

गेल्या आठवड्यात इचलकरंजीहून एक मुलगी पुस्तक घेऊन आली. आईनं केलेले आठ ब्लॉक, काम फार देखणं. पानं पाठीपासून सुटून हातात आलेली, आणि पट्टीवर पिवळट गोंदाचे मणके. कुठं बांधलंय ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. दुरुस्तीचा दर ऐकून म्हणाली, ‘वहिनी, एवढ्यात तर नवीन होतं की.’ मी म्हटलं, नवीन तिकडे होतं. मग जरा वाईट वाटलं आणि शंभर कमी केले.

तो गोंद खरवडून निघत नाही, रेशीम ओढलं जातं. गरम करावं तर मखमल बसते. पण गार झाला की काचेसारखा ठिसूळ होतो आणि नखानं उडतो. म्हणून सध्या ते पुस्तक मिरजेला मावसभावाच्या फ्रीजरमध्ये आहे. सकाळीच त्याचा फोन आला होता: ‘ताई, परत पूर आलाय काय?’