तुम्ही विचारलंत म्हणून: धूर कमी केला तर वीज महागणार का?

गणपतीत गावी गेले की आरती झाल्यावर, प्रसाद अजून हातात असताना हा प्रश्न येतोच. पुण्यात व्याख्यानानंतर येतो, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाकडूनही येतो. शब्द बदलतात, पण विचारायचं तेच असतं: "धूर कमी करा म्हणता, पण मग वीज महाग होणार ना?" मी वीज आणि उत्सर्जन यांच्या अर्थशास्त्रावर संशोधन करते, म्हणून लोक मला विचारतात. आणि मी गुहागर तालुक्यातली, दाभोळच्या खाडीकाठची, म्हणून जरा जास्तच विचारतात. यंदा आमच्या वाडीतल्या तात्यांनी विचारलं, तेव्हा निघायची घाई होती. त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर इथे लिहिते.

तात्या, आधी तुमचं लाईटबिल काढा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार (इंधन महागलं की वाढतो तो), वीज शुल्क. आपण फक्त खालचा एकूण आकडा बघतो आणि त्यालाच विजेची किंमत म्हणतो. पण विजेची किंमत आणि विजेचं बिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीज तयार करताना जे जे खर्ची पडतं, त्यातलं काही या कागदावर येतं आणि काही दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर पडतं. माझं सगळं काम म्हणजे ते दुसरं शोधणं.

बिलावर काय येतं आणि का येतं, हे शिकायला आपल्या गावाएवढी चांगली शाळा नाही. अंजनवेलचा वीजप्रकल्प, ज्याला आपण तो उभारणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या नावाने अजून एन्रॉनच म्हणतो. त्याचा वीज खरेदी करार १९९३ सालचा. दर डॉलरशी बांधलेला, आणि वीज घ्या अगर घेऊ नका, क्षमतेचे पैसे राज्याच्या वीज मंडळाने द्यायचेच. मुलासाठी शाळेची रिक्षा महिन्याच्या बोलीवर ठरवावी आणि पोरगं आठ दिवसच शाळेत जावं, म्हणजे एकेक फेरी केवढ्याला पडते, तसं झालं. १९९९ साली ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा, आयात गॅस येईपर्यंत म्हणून, नाफ्था या खनिज तेलापासूनच्या इंधनावर सुरू झाला. नाफ्था महागला, रुपया घसरला. वीज महाग म्हणून मंडळ कमी घेऊ लागलं, आणि कमी घेतली म्हणून स्थिर खर्च थोड्याच युनिटांवर पडून ती आणखी महाग झाली. एका टप्प्यावर दर युनिटला ७ रुपयांच्या वर गेला. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं, डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं वाजलं. प्रकल्प नव्या कंपनीकडे देऊन पुन्हा चालू व्हायला २००६ साल उजाडलं.

ती मधली वर्षं मला चांगली आठवतात. राज्यात विजेचा तुटवडा, गावात भारनियमन. आम्ही कंदिलाच्या उजेडात बारावीचा अभ्यास करायचो आणि खाडीच्या तोंडाशी जवळजवळ २,००० मेगावॅटचा, बराचसा बांधून झालेला प्रकल्प आमच्यासारखाच अंधारात उभा होता. इंधन, यंत्रं, माणसं यांपेक्षा कागदावरचा करार वीज जास्त महाग करू शकतो, हे मला पुढे पुस्तकांतून शिकावं लागलं नाही.

आता यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. १९९३ साली जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार दिला होता. प्रकल्प राज्याच्या गरजेपेक्षा मोठा आहे आणि आयात गॅस कोळशापेक्षा महाग पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. महाग पडण्याची गोष्ट खरी ठरली. पण कोळसा स्वस्त ठरवणाऱ्या अशा हिशेबांत धुराची, म्हणजे त्याने होणाऱ्या नुकसानीची, ओळ नसायची. कोळशाची एक युनिट वीज तयार होताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चांगल्या गॅस प्रकल्पात त्याच्या निम्म्याच्या आसपास. तरी आज अंजनवेलचा प्रकल्प गॅस परवडत नाही म्हणून पूर्ण ताकदीने चालत नाही, आणि दक्षिणेला जयगडचा १,२०० मेगावॅटचा प्रकल्प जहाजाने आलेल्या कोळशावर चालतो. बिलाच्या हिशेबाने हे बरोबरच आहे.

मग धुराची ओळ कुठे लिहिली जाते? माझी मावशी हर्णैला असते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि दापोली, मंडणगडलाही झोडपून गेलं. मावशीच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. तीन आठवडे लाईट नव्हती, पंप बंद, विहिरीचं पाणी शेंदून काढायचं, वय ६४. भरपाईचा हिशेब हेक्टरवर, आणि तिची वाडी गुंठ्यांत. माडाखाली पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल, कडेला जायफळ. ते हेक्टरात कसं मोजणार? एकाच वादळाकडे बोट दाखवून "हे धुरामुळेच" असं मी म्हणत नाही, म्हणणं बरोबरही नाही. पण अरबी समुद्र तापतो आहे, तिथली तीव्र चक्रीवादळं वाढली आहेत, आणि हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, हे पक्कं आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात ज्यांच्या माळ्यापर्यंत पाणी आलं, त्यांना ते बाष्प म्हणजे काय हे मी समजावण्याची गरज नाही.

अर्थशास्त्रज्ञ या न लिहिलेल्या ओळीचा आकडा काढायचा प्रयत्न करतात. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला तर आज आणि पुढे, सगळ्या जगात मिळून किती नुकसान होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२३ साली तो आकडा १९० डॉलर धरला. डॉलर ८५ रुपयांना धरा, किलोमागे १६ रुपये होतात. म्हणजे कोळशाच्या एका युनिटमागे १६ रुपये, जे बिलात कुठेच नाहीत. त्याच देशाच्या त्याआधीच्या सरकारने हाच आकडा १ ते ७ डॉलर लावला होता. दोन गोष्टी बदलल्या की तो असा हलतो. एक, नुकसान जगाचं मोजायचं की फक्त आपल्या देशाचं. दुसरी, पुढच्या पिढीच्या नुकसानीला आज किती किंमत द्यायची. शंभर वर्षांनंतरचे १०० रुपये दर वर्षी २ टक्क्यांनी कापत आणले तर आज त्यांचे सुमारे १४ रुपये होतात. ७ टक्क्यांनी कापले तर १२ पैसेही उरत नाहीत. हे गणित मी विद्यार्थ्यांना फळ्यावर करून दाखवते आणि दर वर्षी वर्ग गप्प होतो. त्या ७ टक्क्यांत हर्णैचा किनारा, तिथे राहणारी मावशीची पणतवंडं, सगळं १२ पैशांत बसवलेलं असतं. मला तो दर मान्य नाही, आणि हे माझं संशोधक म्हणूनही मत आहे, माणूस म्हणूनही.

पण म्हणून हे १६ रुपये तात्यांच्या बिलात टाका, असं मी म्हणत नाही. ज्यांनी हा धूर पिढ्यान् पिढ्या सोडला ते देश वेगळे आहेत. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत १४ च्या आसपास. आपल्याकडे धुरावर पैसे लावून झालेच नाहीत असंही नाही. २०१० पासून कोळशाच्या टनामागे ५० रुपये उपकर होता, तो वाढत २०१६ ला ४०० झाला. युनिटमागे साधारण पाव रुपया. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून गोळा केलेल्या या पैशांतला मोठा भाग त्या कामावर खर्चच झाला नाही, २०१७ नंतर तो राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उपकरच गेला, कोळशावरचा जीएसटी मात्र ५ वरून १८ टक्क्यांवर नेला. यातला उपकर मला फार महत्त्वाचा वाटत होता. त्याचा पैसा किनाऱ्यावरच्या विजेच्या तारा जमिनीखाली घ्यायला आला असता, तर मावशीला तीन आठवडे पाणी शेंदावं लागलं नसतं. कर लावला की काम संपत नाही, पैसा परत कुठे येतो ते बघावं लागतं.

आता मूळ प्रश्न. धूर कमी केला तर वीज महाग होईलच असं नाही. २०१० मध्ये सौर विजेचा ठरवून दिलेला दर १७-१८ रुपये होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला. सूर्याला इंधन समायोजन आकार नसतो. पण तिथे जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो, कर्ज काढून. म्हणून सौर वीज स्वस्त की महाग हे उन्हापेक्षा व्याजदर ठरवतो. श्रीमंत देशांकडून आपल्याला काय हवं, असं कुणी विचारलं तर मी आधी कमी व्याजाचं भांडवल म्हणेन, भाषणं नंतर.

अडचण संध्याकाळची आहे आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबरची. संध्याकाळी सातला दिवे, पंखे, टीव्ही सगळं एकदम लागतं आणि ऊन गेलेलं असतं. इथे मला कोयना आठवते. धरणाचं पाणी पश्चिमेला वळवून बोगद्यातून पोफळी गावाजवळ खाली पडतं, वीज करून वाशिष्ठीत येतं, चिपळूणवरून आपल्याच खाडीत, तात्यांच्या दारासमोरून, अंजनवेलच्या तोंडाशी समुद्राला मिळतं. सगळ्या टप्प्यांची मिळून १,९६० मेगावॅटची ही वीज बटण दाबताच चालू होते, म्हणून ती संध्याकाळसाठी राखायची. दिवसाच्या उन्हावर पाणी पुन्हा वर चढवायचं आणि रात्री सोडायचं हेही जमतं, घाटघरला २५० मेगावॅटचा तसा प्रकल्प आहेच. कोयनेची वीज आज स्वस्त वाटते. धरणासाठी त्या खोऱ्यातून उठून रायगड, सोलापूरपर्यंत विखुरलेल्या गावांना विचारा, तीही कुणाच्या तरी बिलात गेली आहे. पुढचे जलप्रकल्प मांडताना त्या गावांची ओळ पहिल्याच पानावर असावी, हा माझा आग्रह असतो आणि त्यावरून बैठकांत वादही होतात.

तात्यांनी निघता निघता दुसरा प्रश्न टाकला होता: "मग मी घरावर पॅनेल बसवू?" बसवा. केंद्राच्या योजनेत २ किलोवॅटला ६० हजार अनुदान आहे, घराला तेवढं पुरेल. दक्षिणेचा उतार मोकळा आहे, फक्त माडाची सावली दुपारनंतर येते, आणि माड तोडायचा नाही हे तुम्ही आधीच सांगितलंत. म्हणून पॅनेल पडवीच्या बाजूला सरकवून घ्या. खारा वारा आहे, तेव्हा सांगाडा चांगल्या गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा आणि बोल्ट स्टेनलेसचे मागा, स्वस्त अँगल चार पावसांत गंजतो. आणि एक गोष्ट विक्रेता आपणहून सांगेलच असं नाही. लाइनला जोडलेलं साधं पॅनेल लाईट गेली की आपोआप बंद पडतं, खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून. वादळानंतर तुम्हाला पंप आणि दोन दिवे चालवायचे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागेल. पंप सुरू होताना जास्त करंट ओढतो, तेव्हा किती हॉर्सपॉवरचा आहे ते त्याच्या पाटीवर वाचून मला कळवा. तोवर मी बॅटरीचे दर काढून ठेवते.