फुलीचा दगड

आमच्या कोल्हापुरात दगडाला काय तोटा नाही, पन्हाळ्याला जा नाहीतर जोतिबाला, काळा कातळ नाहीतर तांबडा जांभा. पण मला वेड लागलंय ते इथं कधीच न सापडणाऱ्या दगडाचं, स्टॉरोलाइटचं. हा जमिनीतनंच फुलीसारखा निघतो, कुणी घडवत नाही. ग्रीकमध्ये स्टॉरोस म्हणजे क्रूस आणि लिथोस म्हणजे दगड, त्यावरनंच नाव पडलंय.

इथं का मिळत नाही तर आपला कातळ म्हणजे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा, आणि स्टॉरोलाइटला लागतो चिखलाचा खडक, तोही खोल गाडला जाऊन 500-600 अंशांत दाबाखाली भाजून निघालेला. त्यातलं लोखंड, ॲल्युमिनियम, सिलिका एकत्र येऊन स्फटिक वाढतात, बरेचसे साध्या कांडीसारखे, पण काही ठिकाणी दोन स्फटिक एकमेकांत आरपार शिरूनच वाढतात, तीच फुली. भोवतीचा अभ्रकाचा खडक मऊ, तो पावसापाण्यानं झिजतो आणि फुल्या मातीत मोकळ्या पडतात.

माझा पहिला दगड ऑनलाइन घेतलेला. चारी बाजू अगदी एकसारख्या, कडा गुळगुळीत, इतका देखणा की आठवडाभर उशाशी घेऊन झोपले. मग गुजरीत ओळखीच्या सोनारकाकांना दाखवला, त्यांनी भिंग लावलं, नखानं जरा खरवडलं आणि म्हणाले, "पोरी, हे साच्यातलं हाय गं." नखाखाली तपकिरी भुकटी. पैसे गेल्याचं एवढं नाही, पण ज्याला इतक्या मायेनं जपलं ते कुणीतरी साच्यात दाबलेलं निघालं, याचं लई वाईट वाटलं. विकणाऱ्याला मेसेज केला, उत्तर आलंच नाही.

तेव्हापासनं बघायला शिकले. ताजा स्टॉरोलाइट कडकपणाच्या 1 ते 10 च्या मोह्स मापावर 7 ते 7.5, काचेवर ओरखडा काढतो, आणि भिंगातनं बघितलं की अंगात अभ्रकाचे चमचमते कण, कधीतरी गार्नेटचा बारका लाल खडासुद्धा. पण नुसत्या ओरखड्यावर विसंबू नका, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या काही फुल्या काळानं अभ्रकात बदललेल्या असतात, त्या खऱ्या असूनही मऊ लागतात.

त्याच व्हर्जिनियात 1936 साली उघडलेलं फेअरी स्टोन स्टेट पार्क आहे. येशू गेल्याची बातमी ऐकून पऱ्या रडल्या आणि त्यांच्या आसवांचे हे दगड झाले, अशी तिथली लोककथा. आजीला सांगितली तर ती लगेच म्हणाली, "मग देव्हाऱ्यात ठेव की, पायदळी नको." तिथं स्वतःपुरते थोडे दगड उचलू देतात, विकायला नाही. माझा मावसभाऊ तिकडं असतो, दिवाळीला आला तेव्हा रुमालात बांधून दोन घेऊन आला.

कंपासपेटीतला कोनमापक काढून बसले. एक फुली जवळजवळ 90 अंशांची, दुसरी तिरकी, 60 ची. तिरक्या जास्त सापडतात, सरळ कमी, म्हणून भाव सरळीलाच. मला मात्र तिरकीच जास्त आवडली, एक बाजू आखूड, टोक तुटलेलं, आणि दोन स्फटिक जिथं एकमेकांत शिरतात त्या बेचक्यात तिथली तांबूस माती अजून चिकटलेली. सरळ फुली ब्रशनं घासून स्वच्छ धुतली, हिच्यावर पाणी घालायला हात होईना. मातीसकट कापसावर ठेवलीय, देव्हाऱ्यात, आजीच्या शाळिग्रामाशेजारी.