पुसट कडा

पावसाळा संपला की आमच्या पट्ट्यात पीएम टेन, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतची हवेतली बारीक धूळ, चढायला लागतं. वीटभट्ट्या पेटतात, रस्त्याकडेची माती सुकते आणि दिवाळीनंतर रात्रीची थंड हवा जमिनीलगत बसून राहते. त्या वर्षी आमच्या हवा मोजणाऱ्या केंद्रावर ऑक्टोबरची सरासरी 96 आली, नोव्हेंबरची 124. डिसेंबरात मात्र आकडा घसरून 74 वर आला. चोवीस तासांची राष्ट्रीय मर्यादा 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे ऐन हिवाळ्यात शहर मर्यादेच्या आत!

रस्ते झाडणारं यंत्र नुकतंच आलं होतं, टँकरने पाणी मारणं सुरू होतं. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आमचं शहर होतं, त्यामुळे घट झाली की ती कुणामुळे झाली हे सांगायला माणसं तयार असतात. आकडा वाढला की प्रयोगशाळेला दहा फोन येतात. कमी झाला तेव्हा एकही आला नाही, आणि हे मला आजही खटकतं.

आमचं केंद्र हाताने चालवायचं. आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला 104, आणि प्रत्येक दिवशी आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. गच्चीवरचा सॅम्पलर, म्हणजे हवेचा नमुना घेणारं यंत्र, मिनिटाला साधारण 1.1 घनमीटर हवा ओढतो. सायक्लोनमध्ये, म्हणजे हवा गरगर फिरवणाऱ्या भागात, जाड धूळ खालच्या कपात पडते, बारीक धूळ आठ बाय दहा इंचाच्या काचतंतूंच्या कागदावर बसते. कागद वापरण्याआधी चोवीस तास डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवून तोलायचा, वापरल्यावर पुन्हा चोवीस तास ठेवून तोलायचा. कोरा कागद पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो आणि आठ तासांची धूळ असते 70 मिलिग्रॅम. कागदाचा दोन मिलिग्रॅमचा कपचा गॅस्केटला, म्हणजे कागदाच्या कडा दाबणाऱ्या रबरी पट्टीला, चिकटून राहिला तरी उत्तर चारने खाली येतं. सगळी अचूकता अशा कपच्यांवर उभी आहे, हे बाहेरच्यांना माहीत नसतं.

पहिली शंका नायट्रोजन डायऑक्साइडमुळे आली. तो त्याच सॅम्पलरला जोडलेल्या इंपिंजरमध्ये, म्हणजे हवा द्रावणातून बुडबुडत नेणाऱ्या काचेच्या नळीत, सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम आर्सेनाइटच्या द्रावणात वेगळा धरला जातो, धुळीच्या कागदाशी त्याचा संबंध नाही. तो नोव्हेंबरात 37 होता, डिसेंबरात 38. वाहनं तेवढीच, धूर तेवढाच, मग धूळ कुठे गेली?

मग प्रवाहाची नोंदवही काढली. कागदावर धूळ चढत जाते तशी हवा ओढणं जड होतं, म्हणून पाळीच्या सुरुवातीला 1.20 असलेला प्रवाह शेवटी 1.06 च्या आसपास येतो. डिसेंबरच्या नोंदी 1.22 वरून 1.20 अशा होत्या. यंत्र धापच टाकत नव्हतं. त्या हिशेबाने 581 घनमीटर हवा गेली आणि कागदावर मिळाले 43 मिलिग्रॅम, म्हणून 74. नोंदी सुवाच्य होत्या, सह्या होत्या, आणि महिनाभर त्या तपासणाऱ्या कुणालाही प्रवाह का उतरत नाही हे विचारावंसं वाटलं नाही. तपासणाऱ्यांत मीही होते.

आमच्याकडे तोललेले कागद पाकिटात घालून क्रमांकाने ठेवतात. ते टेबलावर ओळीने मांडले तेव्हा गोष्ट उघड झाली. चांगल्या कागदावर धुळीचा करडा आयत असतो आणि भोवती गॅस्केटखाली दबलेली पांढरीशुभ्र किनार, दोन्हींमधली रेघ पट्टीने ओढल्यासारखी. डिसेंबरच्या कागदांवर एका लांब बाजूची रेघ पुसट होती आणि किनारीवर धुळीचे ओघळ उतरले होते. हवा कागदातून न जाता त्या बाजूने शिरत होती. प्रवाह मोजणारं छिद्र कागदाच्या पुढे, ब्लोअरच्या बाजूला असतं. त्याला गाळलेली हवा आणि चोरवाटेने आलेली हवा सारखीच. म्हणून घनमीटर पूर्ण भरत होते आणि मिलिग्रॅम कमी.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेलो. खात्री करायची पद्धत सोपी आहे. कागदाच्या जागी त्याच मापाचा जाड प्लास्टिकचा ताव ठेवायचा, झाकण आवळायचं आणि मोटर काही सेकंदच चालवायची. जास्त चालवली तर मोटर तापते, कारण तिला थंड ठेवते ती ओढलेली हवाच. प्रवाह दाखवणाऱ्या मॅनोमीटरच्या नळीतलं पाणी तळाला बसायला हवं. आमचं अर्ध्यावर अडलं, आणि कान जवळ नेल्यावर उजव्या बाजूने शिटी ऐकू आली. गॅस्केटचं रबर कडक होऊन कायमचं दबलं होतं, नखाने दाबलं तर परत वर येत नव्हतं. पण नुसत्या रबराने एका आठवड्यात एवढा फरक पडत नाही. झाकण आवळणारे त्या बाजूचे दोन विंग नट दोन बोटांनी फिरत होते.

पाळीवरच्या मुलाला विचारलं. रात्री दहाला आणि सकाळी सहाला जिना चढून कागद बदलणारा, कंत्राटावरचा. तो म्हणाला, "मॅडम, कागद फाटून येतायत म्हणून लॅबमधूनच निरोप आला होता, हलकं आवळत जा."

निरोप खरा होता. नोव्हेंबरच्या शेवटी काही कागदांच्या कडा गॅस्केटला चिकटून सुटल्या होत्या आणि आमच्याच कुणीतरी तसं कळवलं होतं. कागद फाटत होता तो कडक रबरामुळे. उपाय होता गॅस्केट बदलणं आणि नट समोरासमोरचे, थोडे थोडे, आळीपाळीने आवळणं. आम्ही त्याऐवजी त्याला सैल सोडायला सांगितलं, आणि त्याने अगदी सांगितल्यासारखंच केलं. एवढ्या साध्या कामाचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण त्याला कधी मिळालं नव्हतं. रात्रीच्या पाळीचा पूर्ण भार ज्याच्यावर, त्यालाच व्यवस्था सगळ्यात कमी सांगते.

बंद कोशांच्या निओप्रीनचं नवं गॅस्केट बसवलं. प्लास्टिकच्या तावाची चाचणी केली, पाणी तळाला बसलं. पुढच्या दिवशीचा पहिला कागद आला, कडा चाकूने कापल्यासारखी. 542 घनमीटर, 71 मिलिग्रॅम, 131.

यानंतरचं काम जास्त त्रासाचं निघालं. गळतीचा काळ मोजणीच्या 11 दिवसांचा, 33 कागदांचा. एखादा गुणक लावून आकडे दुरुस्त करा, असं वरून सुचवलं गेलं. ते करता येत नाही. ताव लावून दिसलेली गळती ही प्रत्यक्षातली गळती नव्हे, कारण वाट पूर्ण बंद असली की फटीतून ओढ कितीतरी जास्त लागते. शिवाय फट प्रत्येक वेळी झाकण बसवताना बदलते. आणि सायक्लोनमधून कमी हवा गेली की त्याची छाटणीही बदलते, दहा मायक्रॉनपेक्षा जाड कण वर निसटतात. कागदावर आलेलं पीएम टेन होतं का, हेच सांगता येत नाही. म्हणून ते 11 दिवस अवैध धरावेत असा अहवाल मी दिला. 104 ची संख्या भरत नाही, यावर त्या बैठकीत जेवढा वेळ गेला, त्याच्या पावही वेळ गॅस्केटवर गेला नाही.

पाणी मारण्याचा आणि यंत्राने झाडण्याचा काही उपयोग झाला का? झाला असेल. नव्या गॅस्केटनंतरच्या दोन आठवड्यांची सरासरी 119 आली, म्हणजे नोव्हेंबरपेक्षा थोडी कमी. पण त्याच आठवड्यांत वाराही जोरात होता, आणि शेजारी तुलनेला दुसरा सॅम्पलर नव्हता. खरं काम करणाऱ्या सफाई कामगारांना त्यांचं श्रेय देता येईल असा आकडाच आम्ही राखला नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

आता प्रत्येक कागदाचा उजेडात धरून फोटो काढतो आणि प्रवाह पाळीभरात 0.05 पेक्षा कमी उतरला तर तो कागद तोलण्याआधी बाजूला ठेवतो. नोव्हेंबरचे कागद मात्र अजून माझ्या कपाटात आहेत. शेवटच्या आठवड्यातल्या चार कागदांची रेघ मला कधी स्वच्छ वाटते, कधी किंचित सुटलेली. भिंग घेऊन पुन्हा पुन्हा बघते. ते चार वैध धरले आहेत.