कसब्यात उतरा, मंडईत चढा: पुण्याच्या जुन्या बाजारातली पायी फेरी

पेठांमधला बाजार नीट बघायचा असेल तर गाडी घरीच ठेवा. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून कसबा पेठ स्टेशनला उतरून मंडई स्टेशनला फेरी संपवणं सोपं झालंय. मी आणि मैत्रीण तशाच निघालो, सकाळी, आडवारी.

स्टेशनबाहेर आलात की तांबट आळी विचारा. पेशवाईपासून इथे तांब्याचं काम चालतं. एका कारखान्यात घंगाळाचं मठारकाम, म्हणजे पत्र्यावर हातोडीचे ठोके देण्याचं काम, चालू होतं. कारागीर एका हाताने भांडं सरकवत होता, दुसऱ्या हाताने हातोडी, आणि ठोक्याला ठोका लागून ओळ सरळ पुढे जात होती. या ठोक्यांनी पत्रा कणखर होतो आणि चमकतोही. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. जड भांडं घ्यायचा बेत असेल तर सरळ उलट्या दिशेने या, म्हणजे ओझं शेवटी उचलावं लागेल.

इथेच एक गोष्ट डोळ्यात भरली. जुन्या वाड्यात खाली दुकान, वर बिऱ्हाड असे आणि दुकानांची ओळ सलग चाले. वाड्याच्या जागी इमारत उठली की ती मागे सरकते, तळाशी पार्किंग येतं आणि ओळ तिथे तुटते. गिऱ्हाईक त्या रिकाम्या तोंडापाशी रेंगाळत नाही, पुढच्या दुकानाचाही धंदा बसतो. पुनर्विकास व्हायलाच हवा, जुन्या वाड्यांत लोक जीव मुठीत धरून राहतात. पण रस्त्याच्या बाजूचा तळमजला दुकानांनाच राहावा, असं मला मनापासून वाटतं.

फडके हौदावरून बोहरी आळीत या. डबे, दोऱ्या, पिशव्या, कुलपं, काय हवं ते मिळतं. गल्ली इतकी अरुंद की डावीकडचा भाव उजवीकडे लगेच ताडून बघता येतो. हातगाडीवाल्याने "बाजूला, बाजूला" म्हटलं की भिंतीला चिकटायचं.

लक्ष्मी रस्त्यावर हे सुख नाही. समोरचं दुकान दिसतं, पण मधे वाहनांची रांग. ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून महापालिका या रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवते. त्या दिवशी आवर्जून जा. गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक येणार नाही, ही व्यापाऱ्यांची भीती खोटी नाही. मंडईजवळ तर पूर्वीच्या आर्यन थिएटरच्या जागीच वाहनतळ आहे. पण आता गिऱ्हाईक जमिनीखालून येतंय, त्याला वर आल्यावर चालायला धड फुटपाथ द्या.

तुळशीबागेतून मंडईत शिरा. १८८६ साली पूर्ण झालेल्या या दगडी इमारतीच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा म्हणून. आज तिला त्यांचंच नाव आहे. विक्रेते उंच ओट्यावर बसतात, भाजी आपल्या हाताशी येते.

सुटे पैसे जवळ ठेवा. दुकानं साडेदहा-अकराच्या सुमारास उघडतात. गणपतीत आणि दिवाळीआधी संध्याकाळी मुलांना घेऊन जाऊ नका. ज्येष्ठांना स्टेशनात लिफ्ट आहे, पण बाहेर रस्ता ओलांडताना त्यांचा हात सोडू नका.