कोल्हापुरात ऑक्टोपस पाळताना

दिवाळीनंतर टाकी बसवली आणि होळीपर्यंत घरातले सगळे नुसतं पाणीच बघत होते. आज्जी रोज विचारायची, "आरं, मासा कवा येणार ह्यात?" मासा नव्हे, ऑक्टोपस येणार, हे सांगितल्यावर तिने विचारायचं सोडून दिलं.

माझ्या मते हा छंद पाण्याचाच आहे. प्राणी शेवटी येतो. टाकी साधी चार बाय दीड बाय दीड फुटांची, म्हणजे अडीचशे लिटरच्या आसपास. नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून आरओचं पाणी घेतलं आणि लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने मरीन सॉल्ट कालवलं. जवळजवळ नऊ किलो! समुद्र रत्नागिरीत, आम्ही घाटावर. दुसरा इलाज नव्हता. मग कोळंबीचा तुकडा टाकून कुजू द्यायचा. त्यातून अमोनिया सुटतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, म्हणून ते शून्यावर येऊन तिथेच टिकेपर्यंत थांबायचं. प्रवाळाचे खडक वापरले नाहीत, कारण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. त्याऐवजी मातीची बोळकी ठेवली.

तांब्याची मात्र मी धास्तीच घेतली होती. ऑक्टोपसचं रक्त तांब्यामुळे निळं असतं, पण पाण्यात तांबं उतरलं तर तो मरतो. त्यामुळे पितळी कॉक नको आणि माशांची तांबंवाली औषधंही नकोत.

झाकणावर सगळ्यात जास्त वेळ गेला. याच्या अंगात हाड नाही, टणक काय ती चोच. चोच जाईल तिथून अख्खा प्राणी जातो. न्यूझीलंडच्या नेपियरमधल्या मत्स्यालयातून २०१६ साली इंकी नावाचा ऑक्टोपस ड्रेनच्या पाइपातून समुद्रात पळाला होता. पाइपांच्या भोकांना स्पंज लावले, झाकणाला क्लिपा मारल्या.

रत्नागिरीच्या ओळखीच्या खलाशाने लहानसा जिवंत दिला. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, अंधाऱ्या खोक्यात घालून आंबा घाटातून आणला. वाटेत शाई सोडली तर तीच त्याला गुदमरवते, म्हणून समुद्राचं जादा पाणी सोबत होतं. लागलं नाही.

नाव ठेवलं पैलवान. दिवसा बोळक्यात, रात्री बाहेर. खेकडा टाकला की अंगाचा रंग पालटून झडप घालायचा. झाकणाच्या बरणीत खेकडा दिला तर तीही उघडायला शिकला. शेजारचे काका बघून म्हणाले, "ह्याचा रस्सा कसा हुईल रं?"

एप्रिल-मे जड गेला. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि याला तो भरपूर लागतो. चिलर, एअरपंप, लाइट गेली तर इन्व्हर्टर. विजेचं बिल बायकोने फ्रिजवर चिकटवून ठेवलं. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज साधं आरओचं पाणी. मीठ उडत नाही, त्यामुळे खारं घातलं तर खारटपणा वाढतच जातो.

पुढच्या थंडीत पैलवानाने अंडी घातली. म्हणजे बाई! त्यानंतर तिने खेकड्याला हात लावला नाही, अंड्यांवर पाणी फुंकत बसली आणि गेली. बहुतेक जाती वर्ष-दोन वर्षंच जगतात. हे आधीपासून माहीत होतं, तरी आज्जी दोन दिवस नीट जेवली नाही.

टाकी चालूच ठेवली आहे. बॅक्टेरिया उपाशी राहू नयेत म्हणून अधूनमधून कोळंबीचा तुकडा टाकतो. पावसाळ्यात मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या की खलाशाला फोन करायचा आहे.