दाब उतरवला तेव्हा सापडलेली गळती

घरच्या बिअर-टॅपची कामं करताना ‘भरलेला सिलिंडर आठवड्यात संपतो’ ही तक्रार नेहमीची; सिलिंडर म्हणजे बिअर नळाकडे ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा. त्या दिवशीचे गृहस्थ मात्र पार वैतागलेले होते. सगळे नट आवळून झाले होते, होजचे क्लॅम्प बदलून झाले होते, ३० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे दाबाचं एकक) दाब चढवून साबणाचं पाणीही मारून झालं होतं. बुडबुडा कुठेच नाही. गॅस भरणाराच कमी भरून देतो, अशी त्यांची खात्री झाली होती.

“रात्री सिलिंडरच्या दाबाचा काटा जागच्या जागी होता आणि सकाळी एकदम शून्य!” ते म्हणाले.

तो काटा असाच वागतो. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब ठरतो तापमानावर. २० अंशांना साधारण ५७ बार, म्हणजे सुमारे ८३० पीएसआय, मग सिलिंडर भरलेला असो की अर्धा रिकामा. किती उरलंय ते वजनावरूनच कळतं. नुकताच भरून आणलेला सिलिंडर मी तोलला, खांद्यावर कोरलेलं रिकामं वजन वजा केलं. चोख २ किलो. भरणाऱ्याचा काही दोष नव्हता.

मग केग, म्हणजे बिअरचं पिंप, सोडवला, लाइनमध्ये दाब भरला आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला. काटा हलला नाही; म्हणजे वॉशर, रेग्युलेटर, होज सगळं धड. केग जोडल्यावर मात्र तो हळूहळू उतरू लागला. इथेच बऱ्याच जणांची फसगत होते, कारण नव्याने भरलेली बिअर स्वतःच गॅस शोषते. पण हा केग कित्येक आठवडे त्याच दाबावर, त्याच थंडाव्यात होता. त्यातली बिअर आणखी गॅस घेणार नव्हती.

३० पीएसआयला आतला दाबच केगच्या झाकणाला वर रेटून घट्ट बसवतो आणि गळती झाकली जाते. रोजचा दाब होता १२. म्हणून दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची कडी ओढून तेवढ्यावर आणलं आणि फ्रीजमध्येच झाकणाच्या कडेने साबणपाणी सोडलं. बराच वेळ काही नाही. मग मागच्या बाजूला मोहरीएवढा बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

“एवढ्याशानं?”

“एवढ्याशानंच. रात्रंदिवस चालू असतं ना ते.”

झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं, नेमकी तिथेच चपटी झाली होती. नवी बसवली, फूड-ग्रेड सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला, ३० ला बसवून पुन्हा १२ वर उतरवलं. कोरडं ठाक.

मला खरी काळजी वाटत होती ती खोलीची. बिनखिडकीची, जेमतेम १० घनमीटरची. २ किलो द्रवाचा हजार लिटरहून जास्त वायू होतो. त्याला वास नाही आणि तो हवेपेक्षा दीडपट जड. बंद खोलीत एकदम सुटला तर त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास जाईल, आणि चार टक्क्यांतच जिवावर बेतू शकतं. जमिनीपासून फूटभर उंचीवर कार्बन डायऑक्साइडचा अलार्म बसवायला सांगितलं. तो वाजला तर आत वाकून बघत बसायचं नाही, आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, हे घरातल्या प्रत्येकाला बोलावून समजावल्याशिवाय मी तिथून निघालो नाही.