तुम्ही विचारलंत म्हणून : कंसातली बारा वचनं

अभ्यासवर्ग संपून चहा आला की कुणीतरी विचारतंच, "सर, बायबल इतकं खोदून वाचता, ग्रीक काय, हस्तलिखितं काय, विश्वास डळमळत नाही का तुमचा?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, म्हणून खरं तेच सांगतो. एकदा डळमळला होता.

योहानाच्या शुभवर्तमानातली, म्हणजे त्याच्या नावावरच्या येशूचरित्रातली, ती गोष्ट तुम्हाला पाठ असेल. व्यभिचारात सापडलेल्या बाईला शास्त्री (धर्मनियमांचे पंडित) आणि परूशी (ते नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक) मंदिरात येशूपुढे आणून उभी करतात. मोशेच्या नियमाप्रमाणे तिला दगडमार व्हायला हवा, तुमचं म्हणणं काय? तो ओणवा होऊन बोटाने जमिनीवर लिहीत राहतो. ज्याने पाप केलं नसेल त्याने पहिला दगड टाकावा, एवढंच म्हणतो आणि पुन्हा लिहायला लागतो. वडीलधाऱ्यांपासून सुरुवात होऊन एकेक जण काढता पाय घेतो. माझ्या आईची ही सर्वांत लाडकी गोष्ट. तिच्या बायबलचं ते पान हात लागून लागून कापडासारखं मऊ झालं होतं.

पस्तिशीत मी ग्रीक शिकायला घेतलं आणि नव्या कराराची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवणारी आवृत्ती उघडली, तर योहानाच्या सातव्या अध्यायाच्या ५३ व्या वचनापासून आठव्याच्या ११ व्या वचनापर्यंतचा मजकूर दुहेरी चौकोनी कंसात. म्हणजे संपादकांच्या मते योहानाच्या मूळ ग्रंथात तो नव्हता. त्या रात्री मी जेवलो नाही.

मग कारणं वाचत गेलो. योहानाच्या सर्वांत जुन्या, पपायरस या लव्हाळ्याच्या कागदावरच्या प्रतींत ही गोष्ट नाही. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन थोर हस्तलिखितांतही नाही. ज्या ग्रीक हस्तलिखितात ती पहिल्यांदा दिसते, ते बेझा नावाचं हस्तलिखित साधारण पाचव्या शतकातलं. पुढच्या काळात ती जागा बदलत फिरते: काही प्रतींत योहानाच्या अगदी शेवटी, तर काहींत चक्क लूकच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायानंतर. काही लेखनिकांनी समासात खुणा करून आपली शंका नोंदवून ठेवली आहे. आणि मला सगळ्यात पटलेला पुरावा एका शब्दाचा. 'शास्त्री' हा शब्द मत्तय, मार्क, लूक या बाकीच्या तीन शुभवर्तमानांत पदोपदी येतो. योहानाच्या अख्ख्या शुभवर्तमानात तो फक्त इथेच आहे.

चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन याचं म्हणणं वेगळं होतं. आपल्या बायका हे वाचून सोकावतील, या भीतीने काही पुरुषांनीच ही गोष्ट काढून टाकली, असं त्याने लिहून ठेवलंय. आजचे बहुतेक अभ्यासक हे मान्य करत नाहीत. मीही करत नाही, पण त्याने ओळखलेली ती भीती खरी आहे. आजही ती आपल्या घराघरांत आहे.

आईला सांगायला मला दोन महिने लागले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "योहानाने लिहिलं नाही, म्हणजे घडलंच नाही का रे?"

अभ्यासकही हेच दोन प्रश्न वेगवेगळे धरतात. कुणी लिहिलं हा एक, गोष्ट कुठून आली हा दुसरा. पुष्कळ पापांचा आरोप असलेल्या एका स्त्रीला प्रभूपुढे आणल्याची गोष्ट दुसऱ्या शतकातला बिशप पापियास याला ठाऊक होती, असं चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस नोंदवतो. ती हीच का, याबद्दल खात्री देता येत नाही. पण अशी आठवण लोकांच्या तोंडी फार आधीपासून होती, एवढं दिसतं. तिला स्वतःचं पान मिळालं नाही, तरी ती हरवू द्यायची नाही म्हणून कुणीतरी योहानाच्या ग्रंथात तिला जागा करून दिली. त्या अनाम लेखनिकावर माझा राग नाही. कंस घालणाऱ्यांवर तर मुळीच नाही.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, ती याच पद्धतीने. द्रौपदीने वस्त्रहरणाच्या वेळी केलेला कृष्णाचा धावा तिथे मुख्य संहितेतून तळटीपेत गेला. माझे एक स्नेही त्यावर बरेच दिवस बेचैन होते. मी त्यांना आईचा प्रश्न सांगितला.

हस्तलिखितांनी माझा विश्वास नेला नाही. माझा एक समज तेवढा नेला: पवित्र ग्रंथ म्हणजे माणसाचा हात न लागलेला ग्रंथ. आता प्रत्येक वचनामागे दिव्याच्या उजेडात नक्कल करत बसलेलं कुणीतरी दिसतं. चुकणारं, कधी भर घालणारं, पण जपणारं. त्याचं काम निरखून तपासणं ही माझ्या लेखी उपासनाच आहे.

आईच्या अंत्यविधीला कुठला उतारा वाचायचा, असं पाळकांनी विचारलं. मी तिचंच बायबल त्यांच्या हातात दिलं. पान आपसूक उघडलं.